वासी उत्तरायण

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात, जिन्याखालच्या बाकावर,
वकील म्हणाले, सण आधी वाटून घेऊ,
शनिवार-रविवार आपोआप बसतात.
गणपती दीड दिवसाचे, एक वर्ष इकडे, एक तिकडे.
दिवाळी सम साली आई, विषम साली वडील.
गरबा शाळेतच, त्यामुळे प्रश्न नाही.
मग जानेवारी आला
आणि टाइप करणारा मुलगासुद्धा थांबला.
बडोद्यात चौदा तारीख कोण सोडतं?

मी बोलायच्या आत माझ्याच वकिलानं मान हलवली.
चौदा आईकडे.
पंधरा वडिलांकडे, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.
पंधरा, म्हणजे वासी उत्तरायण.
काल रात्रीच्या उंधियूसारखं,
गरम करून वाढायचं.
गुजराती कागदावर ऋजुताचं नाव एकदाच आहे,
पुढे सगळीकडे ती ‘सगीर’.
हा शब्द मी त्या दिवशी शिकलो
आणि खाली सही केली.

कारेलीबागेत अगाशीची किल्ली परमारभाईंकडे असते.
दहाला पाच कमी असताना सगीर जिना चढून आली.
दप्तर, स्वेटर, एक स्टीलची डबी.
डबीत तिळाच्या चार वड्या.
दोन तिच्या.
उरलेल्या दोन कुणाच्या ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

तर्जनीला पट्टी होती.
काल दोरीनं कापलं, म्हणाली, आणि विषय संपवला.
पट्टी नीट होती. कडा दुमडलेल्या,
पेरावर वळण असं, की बोट वाकवता यावं.
हे वळण मला माहीत आहे.
एके काळी माझ्या अंगठ्यावरही होतं,
नारळ सोलताना लागलं होतं तेव्हा.

पण वकिलांनी सांगून ठेवलंय,
सगळं टिपून ठेवा, तारखेनिशी,
कधी काय कामाला येईल सांगता येत नाही.
मी फोन काढला.
आणि तिनं, मी काही न बोलता,
बोट सरळ केलं,
उजेडाकडे वळवलं,
दुसऱ्या हातानं बाही मागे ओढून धरली.
‘आईनं पण काढलेला,’ ती म्हणाली,
‘गुडघ्याचा. तुझ्याकडे पडले होते ना, त्याचा.’

मी फोटो काढला की नाही
हे मी इथे लिहिणार नाही.

नंतर वारा सुटला.
परमारभाई म्हणतात दर वर्षी असंच,
चौदाला सगळं गाव हवेची वाट बघतं,
हवा येते पंधराला.
किन्ना तिनंच बांधली, दातांनी गाठ ओढून,
मला फक्त फिरकी दिली.
समोरच्या कडुलिंबात कालचे तीस-चाळीस पतंग,
फाटलेले, अजून फडफडणारे.
त्यांच्यावरून आमचा जांभळा निघाला
तो थेट पाण्याच्या टाकीच्या वर.
लपेट, लपेट, ती ओरडत होती,
कुणाचा कापला ते मला दिसलंच नाही,
मी फिरकी बघत होतो, ढील किती उरली ती.

दुपारी शिळी जिलेबी.
गणिताचा गृहपाठ झाला नाही, हेही टिपलं जाईल.

सहाला दहा कमी असताना पतंग वर.
सहाला पाच कमी असताना वर.
कागदात सुट्टीत ताप आला तर काय ते आहे,
शाळेच्या फीचं आहे, पासपोर्टचंसुद्धा आहे.
दोरी सगळी बाहेर असेल तर काय, ते नाही.
खाली स्कूटर थांबली.
हॉर्न दोनदा वाजला,
तिसऱ्यांदा वाजेल म्हणून मी कठड्याशी गेलो.

मेधानं हेल्मेट काढलं होतं.
मान मागे टाकून आकाशात बघत होती,
चुकीच्या पतंगाकडे, हिरव्या.
‘जांभळा,’ मी वरून म्हणालो.
तिनं नजर सरकवली.

सहा वाजून गेले.
ऋजुता म्हणाली, बाबा, सैल सोड.
मी सोडली.